चांदणीच्या सड्यावरचे सापकांदे

जहूर हमदुले माझ्याशी पहिल्यांदा बोलला तो अळूवरून. मदिनत खलीफातल्या आमच्या कंपाउंडमध्ये बारा व्हिला होते आणि त्यांच्या बागा एका लँडस्केप कंपनीकडे होत्या. २०१४ सालची गोष्ट. नवऱ्याच्या नोकरीमागून दोहाला येऊन मला तीन वर्षं झाली होती. साताऱ्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते, ते सुटलं होतं, आणि माझं सगळं शास्त्र आता मागच्या दारातल्या चार कुंड्यांत येऊन बसलं होतं. त्यातल्या एका कुंडीत अळू होता. पानं पिवळी पडत चालली होती.

निळ्या गणवेशातला एक माळी पाइप गुंडाळता गुंडाळता थांबला. "मॅडम, इसको धूप में मत रखो," म्हणाला, आणि मग कुंडीकडं बघत स्वतःशीच पुटपुटला, "बिचारा, कुठं येऊन पडला."

"मराठी आहात?" मी विचारलं.

"पोलादपूरचा. म्हणजे पोलादपूरच्याही वरचा." कुंडी उचलून त्यानं भिंतीच्या सावलीत नेली. "ताई, याचा भाऊ आमच्याकडं डोंगरावर राहतो. हा गरीब हाय. तो फणा काढतो."

तो सापकांद्याबद्दल बोलतोय हे मला लगेच कळलं. अळू, सुरण आणि सापकांदा एकाच कुळातले. अळू परसात रमतो, सुरण बांधावर, पण सापकांद्याला उंची लागते. सह्याद्रीच्या माथ्यावर, चार हजार फुटांच्या आसपास, पावसाच्या तोंडावर जमिनीतून एकच देठ सरळ वर येतो आणि त्यावर पांढरा, आतून जांभळट फणा उभा राहतो. मागाहून छत्रीसारखं एकच पान, भाद्रपद-आश्विनात लाल दाण्यांचं कणीस, आणि मग सगळं वाळून जातं. उरलेलं अर्धं वर्ष कंद मातीत झोपून काढतो. वर काहीही दिसत नाही. त्या महिन्यांत तो कुठं आहे हे, ज्यानं आधी पाहून ठेवलंय, त्यालाच सांगता येतं.

जहूरनं पाहून ठेवलं होतं. त्याचे वडील महाबळेश्वरला एका बंगल्यावर माळी होते. सुट्टीच्या दिवशी ते दोन्ही मुलांना, म्हणजे जहूरला आणि धाकट्या अबूबकरला, चांदणीच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, घेऊन जात. अबूबकर करवंदांच्या मागं पळायचा. जहूर वडिलांच्या मागं चालायचा. सापकांदा जिथं उगवतो तिथं साप असतो अशी समजूत, त्यामुळे त्या सड्यावर गुराखीसुद्धा जास्त रेंगाळत नसत.

"वडील म्हणायचे, हे झाड भीतीनं वाचलंय. भीती कुणाची घालवू नका," जहूर म्हणाला.

माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन मी त्या डोंगरात तीन दिवस हिंडले होते आणि मला अकरा झाडं सापडली होती. मी विचारलं, "सड्यावर किती असतील?"

"मोजले नाय कधी. पाऊल कुठं टाकायचं ते बघावं लागायचं."

आणि मग त्यानं मला ते सांगितलं जे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवायचे. बारका कंद नर फूल देतो. तोच कंद तीन-चार वर्षांनी थोराड झाला की मादी फूल देतो. एखाद्या वर्षी हाल झाले, कंद खंगला, की परत नर. "पोटात पोर वाढवायची ताकद आल्याशिवाय तो बाई होत नाय," हे त्याच्या वडिलांचं वाक्य. वडिलांना सही करता येत नव्हती.

पुढं तो शुक्रवारी अधूनमधून यायचा. माझी गार्गी तेव्हा सहावीत होती; तिच्याशी तो मराठीत बोलायचा आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची, तरी दोघांचं बरं जमायचं. मी ज्या वर्षी साताऱ्यात पहिला तास घेतला त्याच वर्षी, २००८ला, तो कतरला आला होता. बायको ताहेरुन्निसा आणि मुलगी रुकैया गावी. दोन वर्षांतून एकदा तो घरी जाई. आला तेव्हा इथं वर्ल्ड कपचं नावही नव्हतं. मग ते नाव आलं आणि सगळ्यांच्या आयुष्यात घुसलं. २०१६मध्ये कंपनीनं त्याला बागांवरून काढून नर्सरीत टाकलं. स्टेडियमभोवतीची, रस्त्यांकडेची झाडं तिथं हजारांनी वाढत होती. राहायला बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत चौघांत एक खोली. काम भरपूर, आणि तो कामात चोख. "वाळूत झाड जगवायचं म्हणजे रोज त्याची समजूत काढायची," असं तो म्हणायचा. त्याचं बरं चाललं होतं असं मी म्हणेन. त्यानंतर जे झालं त्याची सुरुवात माझ्यापासून आहे.

२०२१च्या दिवाळीत इथल्या मराठी मंडळाच्या जेवणाला शौनक माझ्या शेजारी बसला होता. पुण्याचा, पस्तिशीचा, जहूरच्याच कंपनीत लँडस्केप आर्किटेक्ट. समुद्रकाठच्या एका नव्या हॉटेलचं काम त्याच्याकडं होतं. हॉटेलला काचेचं थंड घर हवं होतं, आत उंच डोंगरांवरची झाडं. बाहेर वाळवंट, आत पहाड. उद्घाटन वर्ल्ड कपबरोबर, पुढच्या नोव्हेंबरात.

"फर्न, मॉस, सगळं मिळतं हो," शौनक म्हणाला. "पण एक आयटम असा पाहिजे की माणूस थांबलाच पाहिजे."

मी श्रीखंडाची वाटी बाजूला ठेवली आणि फोनमधला सापकांद्याचा फोटो काढून दाखवला. इतक्या वर्षांत कुणी मला माझ्या विषयातलं काही विचारलं नव्हतं. मी अर्धा तास बोलले. शेवटी म्हणाले, "तुमच्याच नर्सरीत एक जण आहे, त्याला शेकड्यांनी कुठं आहेत ते माहीत आहे." जहूरचं नाव मी सांगितलं. ते दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

आठवड्याभरात शौनकनं जहूरला ऑफिसात बोलावलं. चहा मागवला. जहूरनं आधी सरळ नाही म्हटलं. "साहेब, तो आणायचा नसतो. तिथंच बरा." मग म्हणाला की नोव्हेंबरात तो फुलतच नाही, तेव्हा तो झोपलेला असतो.

"मग जास्त झोपवू," शौनक म्हणाला. "कोल्ड स्टोअर आहे ना. ऑक्टोबरात उठवू. आणि हे बघा जहूरभाई, हे जमवलंत तर तुम्ही सुपरवायझर. सुपरवायझर झालात की फॅमिली व्हिसाचा अर्ज मी स्वतः पुढं करतो. भाभींना इथं आणा. किती वर्षं झाली?"

"तेरा," जहूर म्हणाला.

त्या शुक्रवारी तो माझ्याकडं आला. चहा तसाच गार झाला. त्यानं विचारलं, "ताई, असं झोपवून ठेवता येतं का?"

मी म्हणाले, "शास्त्रानुसार येतं." त्याचा खरा प्रश्न हा नव्हता, हे करावं का हा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. कंद खणण्याची परवानगी कोण देणार हेही मी विचारलं नाही. कागद शौनक करेल असं धरून चालले.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, जहूर खोलीच्या बाहेर जिन्यात बसला आणि त्यानं अबूबकरला फोन लावला. अबूबकर सड्यावर उभा होता, बरोबर चार माणसं आणि कुदळी. जमीन उघडी, वाळलेली, कुठंही काही नाही. अबूबकरला काहीच आठवत नव्हतं. जहूरला सगळं आठवत होतं. त्यानं डोळे मिटले आणि सांगत गेला. फुटक्या कातळापासून जांभळीकडं वीस पावलं. तिथं उताराच्या कडेला हात घाल. मग डावीकडं, जिथं पाणी साठून राहतं त्याच्या वरच्या अंगाला. तिकडून ओरडणं यायचं, "हाय, हाय! लागला!" दोन तास हे चाललं. एकही जागा चुकली नाही.

"मला बरं वाटत होतं ताई," त्यानं नंतर मला सांगितलं. "खोटं कशाला बोलू? घरी गेल्यासारखं वाटत होतं."

एक गोष्ट त्यानं बजावली होती. मोठे तेवढेच काढ, बारके सोड. बारके तीन-चार वर्षांत मोठे होतील, परत बी धरतील. शौनकलाही मोठेच हवे होते, कारण मोठ्या कंदाचा फणा मोठा.

फेब्रुवारीत पेट्या आल्या. वर सुरणाचे दोन थर, खाली सापकांदे. कागदावर फक्त सुरण लिहिलेलं होतं. जहूरनं तो कागद दोनदा वाचला. तरी त्यानं कंद उचलले, एकेक पुसला, बुरशी बघितली. दोनशे चाळीस. सगळे कांद्याएवढे, भरलेले. सगळ्या माद्या. त्यानं ते कोल्ड स्टोअरमध्ये कोरड्या भुश्यात ठेवले आणि कोठाराच्या माणसाला सांगितलं, पाण्याचा थेंब लावायचा नाही.

मार्चमध्ये त्याला तीन आठवडे हिरवळीच्या कामावर पाठवलं. त्या काळात शौनकनं कुठंतरी वाचलं की पहाडी झाडांना दमट हवा लागते. त्यानं कोठारात फवारे सुरू करायला सांगितलं. जहूर परतला तेव्हा दारातच वास आला. भुश्यात हात घातला तर बोटं आत गेली, लापशीत जावीत तशी. शंभर-सव्वाशे उरले.

"होतं असं," शौनक म्हणाला. "अजून मागवू."

"अजून नाय साहेब. मोठे संपले. आता बारके काढले तर सडा संपला."

शौनकनं वाद घातला नाही. तो वाद घालणाऱ्यांतला नव्हताच, नेहमी गोड बोलायचा. अबूबकरचा नंबर पहिल्या पेट्यांच्या वेळी जहूरनंच त्याला दिला होता. शौनकनं थेट तिकडं फोन केला. मेच्या सुरुवातीला दुसऱ्या पेट्या आल्या, पुन्हा सुरणाखाली. सुपारीएवढे, लिंबाएवढे कंद. काहींना खणताना कुदळ लागलेली. काहींतून कोंब बाहेर आला होता.

जहूरनं त्या दिवशी भावाला फोन केला. "तुला सांगितलं होतं ना, बारके सोड?"

"तुझ्या साहेबानं सांगितलं, भाईला विचारलंय. आणि जागा तर तूच दाखवल्यास," अबूबकर म्हणाला. "आता तोंड वर करून मला काय विचारतोस?"

जहूरनं फोन ठेवला. त्यानंतर दोघं भाऊ बरेच महिने बोलले नाहीत.

आणि तरी त्यानं ती झाडं फुलवली. हे सांगितलं नाही तर त्याच्यावर अन्याय होईल. सबंध उन्हाळा, बाहेर पन्नासाला टेकलेलं असताना, तो रोज त्या कोठारात जाऊन कंद चाचपून बघायचा. सप्टेंबर संपताना बाहेर काढले, हळूहळू उबेत आणले, पाणी दिलं, थोडं, मग थोडं जास्त. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काचघरात शेकडाभर फणे उभे राहिले. शौनकनं मला उद्घाटनाआधी आत नेलं. कृत्रिम धुकं होतं, खडक होते, गारवा होता. मी कौतुकानं बघतच राहिले. जहूर कोपऱ्यात उभा होता.

"कसे वाटतात ताई?" त्यानं विचारलं.

"सुंदर," मी म्हणाले.

"मला वाटत नाय. वारा नाय ना. तिकडं सगळे मिळून हलतात."

स्पर्धा सुरू झाली. पाहुणे येत, फणा काढलेल्या फुलांशेजारी उभे राहून फोटो काढत. पाहुण्यांच्या वेळात जहूरला आत जायची परवानगी नव्हती. तो पहाटे पाच ते सात काम करायचा. त्याच वेळात त्यानं एक उद्योग सुरू केला. दुसऱ्या पेट्यांतले बारके कंद नर फुलं देत होते. डोंगरावर एक बारीक माशी नरातला पराग मादीपर्यंत नेते. इथं माशी नव्हती. जहूरनं गार्गीकडून रंगाचा नंबर शून्यचा ब्रश मागून नेला आणि रोज पहाटे एकेका फण्यात वाकून तो माशीचं काम करू लागला. शौनकला सांगितलं नाही. मला सांगितलं.

"बी धरलं की घेऊन जाणार. कंद तुमचे असतील साहेब, म्हणेन, बी माझं. सड्यावर टाकीन. दहा वर्षं लागतील, लागू दे."

"पिकायला किती दिवस?"

"फेब्रुवारी धरा."

डिसेंबरच्या मध्यावर फणे गळले आणि खाली हिरवी कणसं दिसू लागली. टपोरी, गच्च भरलेली. त्यानं फोटो पाठवले. वर्ल्ड कपची फायनल ज्या दिवशी होती त्याच दिवशी. सगळं शहर रस्त्यावर होतं आणि हा मला विचारत होता, "ताई, दाणा भरलेला वाटतो ना?"

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हॉटेलनं ठरवलं की काचघराच्या जागी कॉफी शॉप करायचं. फुलं गेली होती, नुसती पानं बघायला कोण येणार? थंडाव्याची यंत्रं बंद करायचा हुकूम आला. जहूर शौनकपुढं जाऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं साहेबापुढं हात जोडले.

"दीड महिना द्या साहेब. दाणा लाल होऊ दे. मग काय ते तोडा."

"जहूरभाई, इव्हेंट संपला. खलास," शौनक म्हणाला. "माझ्या हातात काही नाही."

"मग कंद तरी द्या. मी नेतो."

"क्लायंटची मालमत्ता आहे. आणि कुठल्या कागदावर नेणार? एअरपोर्टवर पकडलं तर?"

कागदाची आठवण त्याला तेव्हा झाली.

दोन दिवसांत आतली हवा बाहेरच्यासारखी झाली. पानं माना टाकून पडली. तिसऱ्या दिवशी मजुरांनी सगळं उपटून कचऱ्याच्या मोठ्या डब्यात भरलं; उपटणाऱ्यांत जहूरलाही उभं केलं होतं, त्याचीच माणसं होती ती. त्यानं जेवणाच्या डब्यात बावीस हिरवी कणसं लपवून माझ्याकडं आणली. आम्ही दाणे वेगळे केले. त्या रसानं माझ्या बोटांना रात्रभर खाज सुटली होती. काही ओल्या कापडात ठेवले, काही फ्रिजमध्ये, काही मातीत. मला माहीत होतं तेवढं सगळं केलं. एकही रुजला नाही. कोवळे होते. पंधरा दिवसांनी कापडावर नुसती बुरशी उरली.

फॅमिली व्हिसाचं शौनकनं मध्ये दोनदा पुढं ढकललं होतं. आधी "स्पर्धेत बाहेरच्यांना प्रवेश बंद आहे, डिसेंबरनंतर बघू." मग डिसेंबर गेला आणि कंपनीची कंत्राटंही संपली. फेब्रुवारीत जहूरच्या नर्सरीतल्या निम्म्या लोकांना घरी पाठवलं, त्यात तोही होता. सुपरवायझरचं पत्र कधी निघालंच नव्हतं. शौनकनं निरोपाला त्याला मिठी मारली आणि इन्शाल्ला परत भेटू म्हणाला.

गावी पोचल्यावर जहूरनं ताहेरुन्निसाला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "मला कुठं यायचं होतं तुमच्या कतरला? मी कधी म्हटलं? तुमी परत या, एवढंच म्हणत होते. पंधरा वर्षं तेच म्हणत होते."

पावसाच्या तोंडावर तो सड्यावर गेला. एकटाच. सगळीकडं खड्डे होते, कडा ढासळलेल्या, काहींत गवत आलेलं. त्यानं फोनवर सांगितलेल्या जागाच तेवढ्या नव्हत्या. ज्या त्यानं सांगितल्या नव्हत्या तिथंही खणलेलं होतं. अबूबकरनं त्या वर्षी अजून दोघांना माल दिला होता. पुण्याच्या कुणा नर्सरीवाल्याला, आणि एका वैदूला. सापाची भीती गेली होती. जहूर चार दिवस जात राहिला. त्याला सात झाडं दिसली. सातही नर.

हे त्यानं मला गेल्या हिवाळ्यात सांगितलं, अल रुवैसला. तो परत आला आहे. वेगळी कंपनी, पुन्हा साधा माळी, उत्तरेकडच्या त्या बंदराच्या गावात समुद्रकाठच्या हिरवळीवर. मी त्याला भेटायला गेले होते, पण खरं सांगायचं तर माझं एक कामही होतं. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता सापकांद्यांची पाहणी करते आहे. जिथं उरले असतील तिथं राखण बसवायची, असा तिचा बेत आहे. चांगली मुलगी आहे. तिनं मला विचारलं, म्हणून मी जहूरला विचारलं.

"जहूरभाई, सड्याशिवाय दुसरीकडं कुठं असतील का? तुमच्या वडिलांनी आणखी कुठली जागा दाखवली होती?"

तो हिरवळीवरची पाण्याची तोटी बदलत होता. त्यानं ती घट्ट बसवली, पाणी सुरू करून पाहिलं, पुन्हा बंद केलं. मासेमारीच्या होड्या धक्क्याला लागत होत्या. 

"वाचवण्यासाठीच विचारतेय," मी म्हणाले.

"नाय ताई," तो म्हणाला. "कुठंच नाय."

त्याचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. तो खरं बोलत होता की नाही हे मला ओळखता आलं नाही, आणि पुन्हा विचारायचं तोंड माझ्याकडं नव्हतं. त्यानं मला सावलीत खुर्ची आणून दिली, टपरीवरून चहा आणला आणि गार्गीचं कॉलेज कसं चाललंय ते विचारत बसला.